जमीन लागते तेव्हा

सांगलीहून एका शिक्षिकेने लिहिलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझे वय 46 आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही काही सहकारी कुटुंबांसह अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेल पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती. जाताना विमानाने गेलो आणि येताना हौस म्हणून पोर्ट ब्लेअरहून चेन्नईपर्यंत जहाजाने आलो. जहाजावर तीन रात्री काढल्या. पहिला दिवस उलट्यांत गेला, पण पुढे मी इतरांपेक्षा ठणठणीत होते. चेन्नईत लॉजवर झोपले तेव्हा पलंग हलतो आहे असे वाटत राहिले. रेल्वेत बसल्यावर बरे वाटले. मात्र मिरजेच्या फलाटावर उतरल्यापासून जे डोलणे सुरू झाले, ते आज सात आठवडे झाले तरी थांबलेले नाही. खोली फिरत नाही. मीच हेलकावे खाते. फळ्यावर लिहिताना तर नावेत उभी असल्यासारखे वाटते. एका डॉक्टरांनी चक्करीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी पलंगावर झोपवून मान वळवण्याचा काही प्रकार केला, तिसऱ्यांनी एमआरआय पाहून सगळे नॉर्मल आहे, ताण घेऊ नका, असे सांगितले. सर्वांत विचित्र म्हणजे एसटीत बसले की मी पूर्ण बरी असते. म्हणून कधीकधी काम नसतानाही मिरजेपर्यंत जाऊन येते. यजमान म्हणतात, घरी आल्यावरच त्रास होतो, म्हणजे हे मनाचे आहे. आता मलाही तसेच वाटू लागले आहे. मे महिन्यात बहिणीने मुंबईहून सगळ्यांसाठी क्रूझचे बुकिंग केले आहे. मी जावे का? आणि हे थांबणार कधी?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्ही "सर्वांत विचित्र" म्हणून थोड्या संकोचाने लिहिले आहे, तेच मी सर्वप्रथम हाती घेतो, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तिथे आहे. एसटीत बसल्यावर तुमचे डोलणे थांबते, ही गोष्ट तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून घरात वापरली जात आहे. प्रत्यक्षात ती तुमच्या बाजूची साक्ष आहे. कानाच्या किंवा मेंदूच्या ज्या विकारांत तोल बिघडतो, त्यांपैकी बहुतेकांत वाहनात बसल्यावर त्रास वाढतो. वाहन सुरू होताच त्रास कमी व्हावा आणि वाहन थांबून खाली उतरताच तो परत यावा, असे ज्या एका विकारात ठळकपणे घडते त्याचे नाव फ्रेंचमध्ये "माल द देबार्कमाँ" असे आहे. जहाजातून उतरण्याचा आजार, असा त्याचा सरळ अर्थ. पत्रावरून निदान करू नये हा नियम मी पाळतो, त्यामुळे हेच निदान आहे असा शिक्का मी मारणार नाही. पण तुम्ही दिलेला तपशील या विकाराच्या वर्णनाशी इतका जुळतो की, तुमच्या पुढच्या डॉक्टरांसमोर हे नाव स्वतः उच्चारण्यास तुम्ही अजिबात कचरू नये. चेन्नईत पलंग हलणे, रेल्वेत बरे वाटणे आणि मिरजेच्या फलाटावर पुन्हा सुरुवात होणे, हा क्रम तर एखाद्या पाठ्यपुस्तकात छापावा असा आहे.

आपल्याकडे "गाडी लागणे" आणि "बोट लागणे" असे दोन उत्तम शब्दप्रयोग आहेत. जहाजावरच्या पहिल्या दिवशी तुम्हाला बोट लागली होती. मग तुमचा मेंदू समुद्राशी जुळवून घेऊन मोकळा झाला, आणि आता, भाषेची थोडी ओढाताण करून म्हणायचे तर, तुम्हाला जमीन लागली आहे.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती त्यानेच जाईल. आपला तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर चालतो: डोळे, तळपाय व सांध्यांतील संवेदना, आणि आतील कान. प्रत्येक आतील कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके कोणत्या दिशेला वळले ते सांगतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांमध्ये चुनखडीसारखे सूक्ष्म कण असतात, ते गुरुत्वाकर्षणाची आणि सरळ रेषेतील हालचालीची खबर देतात. जहाजावर या बातम्या एकमेकींशी जुळत नाहीत. केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, कान मात्र सतत हलल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ आणि उलट्या होतात. एकदोन दिवसांत मेंदू एक युक्ती शिकतो. लाटेचा ताल ओळखून पुढचा हेलकावा कधी येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाइतकी हालचाल हिशेबातून वजा करून टाकतो. म्हणून तिसऱ्या दिवशी माणूस डेकवर सहज चालू लागतो. आता जहाज धक्क्याला लागते, लाट नाहीशी होते, पण वजाबाकी चालूच राहते. जिथे वजा करण्यासारखे काही उरलेले नाही तिथे केलेली ही वजाबाकी तुम्हाला उलट्या दिशेचा हेलकावा म्हणून जाणवते. एसटीच्या हालचालीत मेंदूला पुन्हा वजा करण्यास काहीतरी मिळते आणि हिशेब तात्पुरता जुळतो.

समुद्रावरून आल्यावर एखादा दिवस असे वाटणे अगदी सामान्य आहे. नौदलातील लोकांना, नावाड्यांना, खोल समुद्रात आठ-दहा दिवस मासेमारी करून परतलेल्या खलाशांना पहिल्या रात्री अंथरूण हलल्यासारखे वाटते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. दीर्घ जलप्रवासानंतर जमिनीवर आलेल्या माणसाला अर्धवट झोपेत खोली आणि तिच्यातील सामान नावेसारखे झुलताना भासते, असे त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवले आहे. हे भासणे काही तासांत, फार तर दोन दिवसांत विरते. थोड्या लोकांत मात्र ते विरत नाही. असे न विरणारे रुग्ण वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र विकार म्हणून नीट मांडले गेले ते 1987 मध्ये, अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट बॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने सहा रुग्णांचे वर्णन केले तेव्हा. म्हणजे या विकाराचे वैद्यकातील वय तुमच्यापेक्षा कमी आहे, आणि तीन डॉक्टरांना तो ओळखता आला नाही यात त्यांचा फार मोठा दोष आहे असे मी म्हणणार नाही.

निदानाचे निकष बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये ठरवले. (तोलेंद्रियावरील कामासाठी 1914 चे नोबेल मिळवलेल्या रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ही संस्था आहे.) निकषांचा मथितार्थ असा की, गरगरणे नव्हे तर डोलणे, झुलणे किंवा वरखाली होणे ही संवेदना दिवसातील बहुतेक वेळ असावी, ती प्रवास संपल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालेली असावी आणि 48 तासांहून अधिक काळ टिकलेली असावी, पुन्हा वाहनाच्या हालचालीत ती तात्पुरती कमी व्हावी, आणि दुसऱ्या एखाद्या विकाराने तिचा अधिक चांगला उलगडा होत नसावा. महिन्याच्या आत थांबले तर ते अल्पकालीन, महिन्यापलीकडे गेले तर चिवट. तुम्ही दुसऱ्या गटात आला आहात. हा चिवट प्रकार चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत विशेषकरून आढळतो आणि अर्धशिशीशी त्याचे नाते दिसते. तुम्हाला किंवा तुमच्या आईला अर्धशिशी आहे का, पाळीच्या आधी डोलणे वाढते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांना मात्र न विसरता सांगा.

आता आधीच्या उपचारांबद्दल. येथे आपल्या भाषेचाही थोडा हातभार आहे. गरगरणे, भोवळ येणे, घेरी येणे, तोल जाणे, झोकांडी जाणे, हेलकावे खाणे, इतके नेमके शब्द असूनही दवाखान्याच्या दारात शिरताना आपण सगळ्यांना "चक्कर" या एकाच पोत्यात भरतो, आणि डॉक्टरही त्या पोत्यावरचे लेबल वाचून गोळी लिहितो. पलंगावर झोपवून मान वळवण्याचा जो प्रकार तुमच्यावर झाला, तो कानातील कण जागा सोडून नलिकेत गेल्यास उत्कृष्ट काम देतो; पण त्या विकारात कूस बदलताच काही सेकंद खोली जोरात फिरते आणि मग थांबते. तुमचे तसे नाही, म्हणून तो प्रकार निष्फळ ठरला. चक्करीच्या गोळ्यांचेही तेच. बीटाहिस्टीन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांचा या विकारात सहसा उपयोग होत नाही. यांपैकी शेवटच्या दोन आठवडेच्या आठवडे चालू ठेवल्या तर सुस्ती येते, क्वचित हातापायांत कंप आणि ताठरपणा येतो. तुमची गोळी यांपैकी असेल आणि सात आठवडे तिने गुण दिला नसेल, तर ती बंद करण्याविषयी ज्यांनी ती दिली त्यांच्याशी या आठवड्यातच बोला.

एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताच्या झटक्याचा व्रण नाही एवढे त्याने सांगितले, आणि ते ऐकून तुम्ही निश्चिंत व्हावे. तुमचा बिघाड रचनेत नाही, कामकाजात आहे. डॉ. यून-ही चा ("चा" हे त्यांचे आडनाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अशा रुग्णांचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारी तपासणी, केले, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागात, म्हणजे जागेचे भान आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागात, साखरेचा वापर वाढलेला आढळला. ही तपासणी तुम्ही करून घ्यावी असे मी सुचवत नाही. ती संशोधनापुरती आहे, खर्चिक आहे आणि तिच्यावरून उपचार ठरत नाहीत. ही माहिती मी मुख्यतः तुमच्या यजमानांसाठी लिहिली आहे.

तुम्ही करायचे काय? कान-नाक-घसा तज्ज्ञांपैकी जे तोलाच्या विकारांवर विशेष काम करतात, किंवा असे मज्जाविकारतज्ज्ञ, त्यांना पुणे, कोल्हापूर अथवा मुंबई येथे गाठा. श्रवणचाचणी झालेली नसेल तर ती करून घ्या, कारण एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा कानात आवाज येत असेल, तर विचाराची दिशा बदलते. जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत रोज दोन ओळी लिहा: डोलणे डावीउजवीकडे आहे, पुढेमागे आहे की वरखाली, आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजा. बऱ्याच रुग्णांत तो साधारण पाच सेकंदांचा भरतो. झोप, पाळी, कामाचा ताण आणि त्या दिवशीचा प्रवास यांचीही नोंद करा. शिक्षिका असल्यामुळे वही नीट ठेवाल याची मला खात्री आहे. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ही वही तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा अधिक काम करील.

औषधांपैकी अर्धशिशी टाळण्यासाठी दिली जाणारी काही औषधे, तसेच नैराश्य आणि चिंता यांवरची काही औषधे अनेकांना उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी हाती पडली तर "म्हणजे मला वेडीच ठरवले" असा अर्थ काढू नका. मेंदूतील ज्या रसायनांवर ती काम करतात, त्यांचा तोलाच्या यंत्रणेशीही संबंध आहे. क्लोनाझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळीची अगदी लहान मात्रा काहींचे डोलणे बरेच उतरवते. परंतु तिची सवय लागते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरतीच घ्यावी, शेजारणीच्या डब्यातून कदापि घेऊ नये.

या विकाराच्या मुळाला हात घालणारी एक पद्धत न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथे मिंगजिया दाई आणि बर्नार्ड कोहेन या संशोधकांनी विकसित केली आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केली. तिची पार्श्वभूमी मला फार रंजक वाटते. फ्लोरिडातील पेन्साकोला येथे अमेरिकी नौदलाची एक सावकाश फिरणारी खोली होती, आणि 1960 च्या दशकात तिथे चार वैमानिकांना मिनिटाला दहा फेऱ्यांच्या गतीने सलग बारा दिवस फिरत ठेवले गेले. खोली थांबल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या प्रतिक्षिप्त हालचाली बदललेल्या होत्या. गोल फिरणे आणि डोके कलणे या दोन वेगळ्या हालचालींची मेंदूने एकमेकींशी गाठ मारून टाकली होती. जहाजावरही तसेच होत असावे, असे दाई व कोहेन यांनी मांडले. मग ती गाठ सोडवण्यासाठी त्यांनी रुग्णाला चहूबाजूंनी सरकणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या मध्ये बसवले आणि त्याच्या स्वतःच्या हेलकाव्याच्या तालावर त्याचे डोके एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे हळुवार कलवत ठेवले. असे दिवसातून काही वेळा, काही दिवस. पहिल्या 24 रुग्णांपैकी सुमारे 70 टक्क्यांना पूर्ण किंवा लक्षणीय आराम पडला. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, बरे झालेल्यांपैकी काहींचा त्रास घरी परतण्याच्या लांबच्या प्रवासाने पुन्हा उसळला. ही सोय जगात मोजक्या ठिकाणी आहे. तज्ज्ञांकडे तिची चौकशी अवश्य करा. पण पट्ट्यांची दिशा आणि डोक्याचा ताल चुकला तर त्रास वाढू शकतो, म्हणून मोबाइलवरील चित्रफीत लावून घरी प्रयोग करू नका. आणि कोणी आगाऊ मोठी रक्कम मागून खात्रीच्या बरे होण्याचे आश्वासन देत असेल, तर तिथून उठून या.

दरम्यान दिवसभर पडून राहू नका. पहाटे किंवा संध्याकाळी रोज चाला, मोकळ्या मैदानावर, नजर दूरवर ठेवून. जागरण, उपाशीपोटी राहणे आणि स्क्रीनसमोर सलग बसणे ही तीन कारणे डोलणे हमखास वाढवतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जास्त जाईल, तेव्हा न्हाणीघरात स्टुलावर बसूनच आंघोळ करा. वर्गात बसून शिकवण्याची मुभा मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. फळ्यावर लिहिताना डावा हात फळ्याच्या कडेला टेकवला तरी पुष्कळ फरक पडतो, कारण बोटांना लागलेला स्थिर आधार मेंदूला एक खरी बातमी पुरवतो.

मिरजेच्या फेऱ्यांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. दिवसातील एक तास शरीर स्थिर वाटावे यासाठी कोणी तिकीट काढून बसमध्ये बसत असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. या विकाराचे जगभरातील रुग्ण असेच गाडी काढून निरर्थक फेऱ्या मारतात. पण त्याला उपचार समजू नका. खाली उतरल्यावर काही काळ डोलणे अधिक जोराने येते हे तुमच्याही लक्षात आले असेल. अधूनमधून चालेल, त्याचे व्यसन नको.

यजमानांशी वाद घालत बसू नका, त्यांना एकदा सोबत घेऊन बसने मिरजेला जा. जाताना तुमचा चेहरा आणि उतरल्यावरची तुमची चाल त्यांना पाहू द्या. मन या प्रकरणात येते, पण नंतर: सात आठवडे कोणी विश्वास ठेवला नाही तर धडधाकट माणूसही खचतो, आणि खचल्याने डोलणे वाढते. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर त्यासाठी वेगळी मदत घ्या.

एक सावधगिरी. बोलताना जीभ जड होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, एकाची दोन दिसणे, अचानक एका कानाने ऐकू न येणे, शुद्ध हरपणे किंवा कधी नव्हे इतके डोके दुखणे, यांपैकी काही घडले तर हे पत्र बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ती लक्षणे या विकाराची नव्हेत.

कधी थांबेल, याचे प्रामाणिक उत्तर तारखेत देता येत नाही. काहींचे काही महिन्यांत आपोआप ओसरते, काहींचे वर्ष घेते, आणि थोड्यांचे त्याहून पुढे जाते. जितका काळ जास्त, तितके ते चिवट होत जाते, म्हणून तज्ज्ञांकडे जाणे उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत लांबवू नका. ओसरताना ते एकदम थांबत नाही. आधी दिवसातील काही मिनिटे मोकळी सापडतात, मग तास, मग एखादा अख्खा दिवस. असा पहिला मोकळा तास मिळेल तो वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

क्रूझवर जाऊ नका. एकदा ज्याला हे झाले त्याला पुढच्या जलप्रवासानंतर ते पुन्हा होण्याची शक्यता राहते, आणि पहिले अंगात असतानाच दुसरे ओढवून घेण्यात शहाणपण नाही. जहाजावर असेपर्यंत तुम्हाला उत्तम वाटेल, हाच त्यातला धोका आहे, कारण उतरल्यानंतरचा हिशेब तिथे दिसत नाही. बहिणीला आजच फोन करून कारणासह सांगा, म्हणजे तुमची जागा रद्द करण्यास किंवा दुसऱ्याच्या नावावर करण्यास तिला वेळ मिळेल. ती मंडळी परतल्यावर चार दिवस तिच्याकडे राहायला जायचे असेल तर जरूर जा. सांगली ते मुंबई प्रवास मधे दोनतीनदा उतरून, पाच-दहा मिनिटे पायी फिरून करा, आणि पोहोचल्यावर पहिला दिवस कोणताही कार्यक्रम ठेवू नका.